मंडळ फुटलं? अभिनंदन!

विक्रोळीच्या नकाशावरची नावं नुसती वाचत गेलं तरी राष्ट्रीय एकात्मतेचा एक तास होऊन जातो. पूर्वेला कन्नमवार नगर. मारोतराव कन्नमवार चंद्रपूरचे, महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री. १९६२ च्या नोव्हेंबरात खुर्चीवर बसले आणि जेमतेम वर्षभरात, पदावर असतानाच गेले. त्यांच्या शेजारी टागोर नगर आणि जवळच गोदरेजांचं पिरोजशानगर. विदर्भातला राजकारणी, बंगालचा कवी आणि पारशी कारखानदार अशा तिघांच्या छत्राखाली राहतो कोण, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा चाकरमानी, सातारा-सांगलीकडचा घाटी माणूस, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत मुरलेला बौद्ध समाज, उत्तर प्रदेश-बिहारचे भैये, तमिळ, मल्याळी, गुजराती, आणि पश्चिमेला पार्कसाइटच्या टेकडीवर या सगळ्यांची आणखी दाट आवृत्ती. टागोर नगरात गीतं-बितं काही नाहीत, ग्रुप नंबर आहेत. 'ग्रुप नंबर पाचला राहतो' हा तिथला पूर्ण पत्ता. खुद्द रवींद्रनाथ १८७८ साली, सतरा वर्षांचे असताना, मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी इंग्रजी वळण शिकायला राहिले होते. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक, म्हणजे कविवर्यांनाही मुंबईत पहिला आसरा एका संस्थेच्या पदाधिकाऱ्यानेच दिला. हा तपशील टागोर नगरातल्या मंडळांना अजून कळलेला नसावा. कळता तर दरवर्षी त्या दिवसाचा वर्धापनदिन साजरा झाला असता, आणि तोही किमान दोन ठिकाणी.

दोन ठिकाणी का, हाच या लेखाचा विषय. 'विक्रोळीत सांस्कृतिक असं काही नाही' ही तक्रार जुनी आहे, आणि ती करणाऱ्याच्या हातात पुरावाही असतो. महापालिकेची मोठी नाट्यगृहं बोरिवलीला, विलेपार्ल्याला, भायखळ्याला आणि मुलुंडला आहेत. विक्रोळीच्या माणसाला मराठी नाटक पाहायचं तर त्याने लोकल पकडून मुलुंडचं कालिदास गाठायचं. शिवाय जी काही मंडळं इथे आहेत ती सतत फुटत असतात. एका इमारतीच्या गणपतीचे दोन होतात, एका भजनी मंडळाच्या पेट्या दोन खोल्यांत जातात, गावाकडच्या एकाच वाडीची 'मुंबई मंडळ' नावाची दोन मंडळं एकाच रविवारी सभा घेतात. सुशिक्षित माणूस हे पाहून मान हलवतो आणि म्हणतो, आपल्या लोकांना एकत्र राहताच येत नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. विक्रोळीसारख्या अठरापगड उपनगरात मंडळ फुटणं हीच संस्कृतीची वाढ आहे. ज्या वस्तीतली मंडळं फुटायची थांबली, तिथली काळजी करावी.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण या बाबतीत इंग्रजांनीच आपल्याला प्रोत्साहन देऊन ठेवलं आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार संस्था काढायला किमान सात माणसं लागतात. हा आकडा फार विचारपूर्वक ठरवलेला दिसतो. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस, चिटणीस, खजिनदार आणि हिशेब तपासनीस मोजून पाहा, बरोबर सात होतात. नुसता सभासद म्हणून शिल्लक कोणी उरत नाही. आठवा माणूस आला की अडचण सुरू होते, कारण त्याला 'सल्लागार' करावं लागतं आणि सल्लागार सल्ला देऊ लागतो. पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत 'चेंज रिपोर्ट' दाखल करावा लागतो. मंडळातल्या माणसांना पोलीस, पाऊस आणि डेकोरेटरची थकबाकी या तिन्हींपेक्षा या चेंज रिपोर्टचं भय अधिक. म्हणून अनेक मंडळांचे कागदावरचे अध्यक्ष हे भिंतीवर हार घालून टांगलेल्या फोटोतले अध्यक्षच असतात. कैलासवासी होऊनही त्यांची सही कुठे कुठे लागते म्हणतात, पण त्या खोलात आपण जायला नको.

निवडणुकीची गंमत याहून मोठी. १९५१ साली देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली तेव्हा लाखो पोलादी मतपेट्या तयार झाल्या त्या याच विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात. हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत माणसांनी आयुष्यातलं पहिलं मत विक्रोळीच्या पेटीत टाकलं. आणि त्याच विक्रोळीतल्या मंडळांच्या कार्यकारिणीची निवडणूक आजही 'बिनविरोध' होते. विरोध नसतो असं नाही. विरोध इतका असतो की मतदान घेतलं तर दुसऱ्या दिवशी मंडप कोण बांधणार हा प्रश्न उभा राहील. तेव्हा सर्वानुमते जुनी कार्यकारिणी कायम होते, टाळ्या पडतात, वडापाव वाटले जातात, आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतले निम्मे त्याच रात्री जिन्याखाली जमून नवं मंडळ काढतात. तिथे ना हिंसा ना कोर्ट. सत्तांतराची इतकी शांत पद्धत संसदेलाही साधलेली नाही. फुटून निघालेल्या मंडळाच्या नावात 'एकता' हा शब्द हमखास येतो, हेही निरीक्षण करण्यासारखं. जे एकत्र आहेत त्यांना एकतेची पाटी लावायची गरज पडत नाही. उरलेले मग आपल्या नावामागे 'मूळ' लावतात आणि व्हॉट्सअॅपवर दोन गट दिसू लागतात, एक 'ऑफिशियल', एक 'ओन्ली'. दोन्हींत नव्वद टक्के माणसं तीच, आणि ती दोन्हीकडे 'शुभ सकाळ' पाठवतात.

यावर सुज्ञ वाचक म्हणेल की भांडणाला तत्त्वज्ञान चिकटवणं हा लेखकाचा जुना धंदा आहे, फुटीतून काही निपजतं याला पुरावा काय? पुरावा विक्रोळीच्या बाहेर, चांगला प्रतिष्ठित आहे. १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर वगैरे मंडळींनी मुंबईत 'रंगायन' काढलं. दहाएक वर्षांत ते फुटलं आणि १९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी 'आविष्कार' सुरू केलं. पुढे दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी चळवळ उभी राहिली, जिच्याशिवाय मराठी प्रायोगिक नाटकाचा इतिहास लिहिता येत नाही, ती या फुटीची संतती. पुण्यात १९७२ च्या डिसेंबरात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं, थोड्याच प्रयोगांत संस्थेच्या धुरिणांनी ते थांबवलं, तर तरुण मंडळी बाहेर पडली आणि १९७३ साली 'थिएटर अॅकॅडमी' जन्माला आली. तीच मंडळी पुढे घाशीरामला घेऊन युरोप फिरून आली. एकत्र राहिली असती तर मूळ संस्थेचे वार्षिक अहवाल वेळेवर छापले गेले असते, यापलीकडे मराठी माणसाच्या हाती काही लागलं नसतं. आता कन्नमवार नगरातल्या एखाद्या इमारतीच्या नवरात्रोत्सव मंडळाची बरोबरी मी घाशीरामशी करत नाही. पण फुटीची कारणं पाहिली तर दोन्हीकडे तीच सापडतात: कोणाचं नाव वर, कोणाचं ऐकायचं, आणि पैशाचा हिशेब कोणी मागितला. दादरला झालं की त्याला 'वैचारिक मतभेद' म्हणतात, विक्रोळीला झालं की 'राडा'.

पण तिथे निदान कला होती, विक्रोळीत फक्त सत्कार असतात, असा दुसरा आक्षेप येतो. यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मंडळाच्या कार्यक्रमाची पत्रिका पाहिली तर दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मान्यवरांचा परिचय, शाल-श्रीफळ, गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, ज्येष्ठांचा सत्कार, देणगीदारांचा सत्कार, राहून गेलेल्यांचा सत्कार, आणि मग 'वेळ मिळाल्यास' सांस्कृतिक कार्यक्रम असा क्रम असतो. शालींचं तर असं आहे की एका मंडळात पांघरलेली शाल दुसऱ्या मंडळात पांघरवली जाते, आणि वस्तीतल्या एकूण शालींची संख्या कायम राहते. पण हे हसण्यावारी नेण्याआधी एक साधा हिशेब करू. एका वस्तीत एकच भव्य, दर्जेदार मंडळ असेल तर त्याच्या स्टेजवर वर्षात किती मुलांना उभं राहता येईल? दर्जा म्हटला की निवड आली, आणि निवड म्हटली की ज्याच्या घरात तबला आहे त्याचंच पोरगं पुढे. तेच मंडळ पाच ठिकाणी फुटलं की पाच फॅन्सी ड्रेस, पाच चित्रकला स्पर्धा, पाच नाट्यछटा. ज्या मुलीला पहिल्या मंडळात 'तू मागच्या रांगेत उभी राहा' सांगितलं ती तिसऱ्या मंडळात शिवरायांची जिजाऊ होते. माइकसमोर पहिल्यांदा उभं राहून विसरण्याचा हक्क इतक्या लोकांना मिळवून देणारी दुसरी व्यवस्था मला माहीत नाही. आणि कला नसते हेही पूर्ण खरं नाही. कोकणातल्या वाड्यांची मुंबई मंडळं शक्ती-तुऱ्याच्या जंगी सामन्यांना आणि नमन-खेळ्यांना इतकी गर्दी जमवतात की व्यावसायिक नाटकाच्या निर्मात्याने ती पाहून दीर्घ उसासा सोडावा. चौदा एप्रिलच्या आगेमागे भीमगीतांच्या रात्री होतात, त्यांतला गायक आणि श्रोता यांच्यातलं अंतर शिवाजी मंदिरातल्या पहिल्या रांगेहून कमी असतं. या कलांना समीक्षक लाभला नाही, कारण समीक्षक मुलुंडच्या अलीकडे उतरत नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला विनोदाने वळसा घालता येणार नाही. मंडळं फुटतात ती बऱ्याचदा जात, जिल्हा आणि भाषा यांच्या रेघांवर फुटतात. कुणबी मंडळ वेगळं, मराठा मंडळ वेगळं, बौद्धजन पंचायत समितीच्या क्रमांकवार शाखा वेगळ्या, छठपूजा समिती आणि अय्यप्पा भक्तांचा गट आणखी वेगळा. याला विविधता म्हणायचं की आपापले खुराडे? माझं उत्तर असं की, एकच मंडळ असतं तर ही रेघ मिटली नसती, ती आत शिरली असती. मोठ्या घराने छोट्याला सतरंज्या उचलायला लावलं असतं आणि त्याला एकात्मता म्हटलं असतं. स्वतःचं मंडळ असलेला माणूस दुसऱ्याच्या मंडळाशी बरोबरीने बोलतो. आणि बोलावं तर लागतंच, कारण वस्तीत मैदान एकच असतं. गोविंदा, गणपती, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, छठ आणि नाताळ यांच्या तारखा कोणत्याही महापुरुषाने एकमेकांना सोयीच्या ठेवलेल्या नाहीत. नवरात्राचा मंडप आज काढायचा की परवा, लाइटची माळ कोणाच्या खांबावरून जाणार, मिरवणूक बुद्धविहारासमोरून जाताना ढोल किती वाजणार, दर्ग्याच्या उरुसाची चादर कोणत्या गल्लीतून निघणार, याची बोलणी सरचिटणीस-सरचिटणीसांतच होतात. ही बोलणी ऐकली तर परराष्ट्र खात्यात नोकरी मिळायला हरकत नाही. सणांपूर्वी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते, तिथे ही सगळी मंडळं एका खोलीत, एकाच किटलीतला चहा पितात. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या करताना ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांना नेमकी हीच गोष्ट लागली होती: प्रत्येक गल्लीतला असा माणूस, ज्याचं त्याची गल्ली ऐकते. असा माणूस ऐनवेळी तयार करता येत नाही. तो वर्षानुवर्षं वर्गणीच्या पावत्या फाडत फिरावा लागतो.

आणि या सगळ्या खुराड्यांना जोडणारा खरा सांस्कृतिक मंत्री तर कोणत्याच कार्यकारिणीत नसतो. तो म्हणजे मंडपवाला, आणि त्याचा सख्खा भाऊ साउंडवाला. त्याच्या खुर्च्या सत्यनारायणाला येतात त्याच वंदनेला येतात, त्याच गरब्याला बाजूला सरकवल्या जातात आणि त्याच कव्वालीला पुन्हा मांडल्या जातात. भारतीय संविधानाच्या प्रास्ताविकेतला धर्मनिरपेक्षतेचा शब्द सर्वांत मनापासून कोणी पाळत असेल तर ती प्लास्टिकची लाल खुर्ची. सगळ्या मंडळांचे घरगुती तंटे आणि थकबाक्या त्याला ठाऊक असतात आणि तो एकाचं दुसऱ्याला सांगत नाही, कारण पैसे दोघांकडूनही यायचे असतात.

मग एक मोठं, देखणं सांस्कृतिक केंद्रच का नको, असा सवाल उरतो. केंद्र जरूर व्हावं, मुलुंडची लोकल चुकली तर माझी हरकत नाही. पण त्याने मंडळांची गरज संपेल असं समजणाऱ्याने विक्रोळीतलाच दाखला पाहावा. गेल्या दशकात गोदरेजच्या आवारात 'इंडिया कल्चर लॅब' चालत असे. व्याख्यानं, चित्रपट, प्रदर्शनं, सगळ्यांना खुलं आणि विनामूल्य. फाळणीच्या आठवणींपासून तृतीयपंथीयांच्या हक्कांपर्यंत जे विषय मंडळाच्या स्टेजवर यायला अजून एक पिढी जावी लागेल ते तिथे सहज येत. काम उत्तम होतं. पण वांद्र्याहून टॅक्सीने येणाऱ्याला ते जितकं जवळ होतं तितकं कन्नमवार नगरातून चालत येणाऱ्याला होतं का, याची शंका घ्यायला जागा आहे. दरवाजा उघडा असणं वेगळं आणि आपण आत जावं असं वाटणं वेगळं. विक्रोळीला अंतराचं हे शास्त्र पाठ आहे. रुळांच्या दोन बाजूंना जोडणारा उड्डाणपूल इतकी वर्षं रखडला की त्याच्या आश्वासनावर निवडणुका लढवून झाल्या, आणि तो खुला झाला २०२५ च्या जूनमध्ये. तोवर पूर्वेच्या माणसाला पश्चिमेची नात्यातली लग्नं चुकवायला कायमची सबब होती. इमारत असली म्हणजे माणूस आत येतो असं नाही. मंडळात तो येतो, कारण तिथे त्याला बोलवायला त्याच्या जिन्यावरचा माणूस आलेला असतो, वर्गणीचं पुस्तक हातात घेऊन.

राजकारण्यांचा विषय काढला नाही तर हा लेख विक्रोळीवर आहे यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मंडळं नेत्यांच्या खिशात असतात, असं म्हणतात. खिसा कोणाचा आणि हात कोणाचा हे मात्र नीट पाहावं लागतं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं मुंबईत नगरसेवक नावाची वस्तूच नव्हती. त्या काळातल्या फ्लेक्सवर दोनच दर्जाची माणसं होती, 'माजी' आणि 'भावी'. वर्तमानकाळ पूर्ण रिकामा. तरीही एकही मंडप बांधायचा राहिला नाही, एकही स्पर्धा रद्द झाली नाही. म्हणजे कोण कोणाच्या आधारावर उभं होतं ते उघड आहे. मंडळ एका नेत्याचं असेल तर तो मालक होतो. मंडळं पन्नास असली की त्यालाच पन्नास आरत्यांना, पन्नास ठिकाणी चप्पल काढून उभं राहावं लागतं.

आवाजाचा आक्षेप मात्र मी बिनशर्त मान्य करतो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातले फार तर पंधरा दिवस सरकारला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. मंडळं या पंधरा दिवसांचा हिशेब वर्गणीपेक्षा चोख ठेवतात, फक्त डेसिबलचा ठेवत नाहीत. फुटीच्या माझ्या सिद्धान्ताला इथे खरी कळ लागते, कारण दोन मंडळं झाली की दोन स्पीकरच्या भिंती समोरासमोर उभ्या राहतात आणि मधल्या इमारतीतल्या दहावीच्या मुलाला दोन्ही बाजूंनी भक्ती सहन करावी लागते.

दुसरी जागा, जिथे हा सिद्धान्त लंगडतो, ती बायकांची. मंडळं शंभरदा फुटली तरी बायका मात्र प्रत्येक तुकड्यात 'महिला आघाडी'तच राहिल्या. प्रसाद त्यांचा, रांगोळी त्यांची, मुलांची तालीम त्यांची, हळदीकुंकवाचा जमाखर्च पैशापैशापर्यंत त्यांचा, आणि स्टेजवरच्या सात खुर्च्या पुरुषांच्या. खजिनदार हिशेब वाचतो तो बहुधा घरी कुणीतरी लिहून दिलेला असतो. फुटून निघायचा अधिकार सर्वांत आधी ज्यांनी वापरायला हवा त्यांनी तो अजून वापरलेला नाही. वापरतील तेव्हा विक्रोळीतल्या पुरुषांना कळेल की सतरंज्या कुठे ठेवलेल्या असतात.

आता काळजीचा मुद्दा निराळाच उपटला आहे. कन्नमवार नगर आणि टागोर नगरातल्या म्हाडाच्या चार मजली इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. ज्या अंगणात मंडप पडायचा तिथे पोडियम आणि गाड्या, आणि तीन-चार इमारतींची मिळून एक सोसायटी. प्रत्येकीचा गणपती वेगळा, प्रत्येकीचं वर्ष वेगळं, एकीचं सुवर्णमहोत्सव झालेलं, एकीचं मागच्याच भांडणातून निघालेलं. बिल्डर क्लबहाउसचं चित्र दाखवतो, त्यात पाम वृक्ष आहेत, योगा करणारी गोरी बाई आहे, मंडप नाही. कारपेट एरिया आणि कॉर्पस फंडावर तीन बैठकांत एकमत होतं, 'एक सोसायटी, एक गणपती' यावर दहाव्या बैठकीतही होत नाही.  टॉवरला ए, बी, सी, डी अशा चार विंग आहेत. आर्किटेक्टने त्या हवा खेळती राहावी म्हणून काढल्या असतील. विक्रोळीकर मात्र त्या मोजतो आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान आहे.